मायबांगडी

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात एक लाखारीण राहत होती. लाखारीण म्हणजे लाखेच्या बांगड्या करणारी. त्या मुलखात लग्न ठरलं की आधी लाखारणीला निरोप जायचा आणि मग भटजींना. मुहूर्त एखादे वेळी पुढे ढकलता येतो, पण लाल चुड्याशिवाय तिकडची नवरी मांडवात पाऊल टाकत नसे.

लाखारणीचा नवरा तरुणपणीच तापानं गेला होता. माहेरच्यांनी गाडी पाठवली, "चल परत," म्हणाले. ती गेली नाही. घरात म्हातारा सासरा होता आणि भट्टीवर आळीतल्या बायका कामाला होत्या. भट्टी विझली असती तर आळीतल्या साऱ्या चुली विझल्या असत्या. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि नवऱ्याच्या जागी जाऊन बसली. नवरा गेला त्या दिवशी फुटलेल्या आपल्या बांगड्यांचे तुकडे तिनं एका फडक्यात बांधून फडताळात ठेवून दिले. गावातल्या लेकीसुनांचे हात ती भरत राहिली, तिचे स्वतःचे मात्र मोकळे राहिले. रीतच होती तशी, आणि रीतीला जाब विचारायला कुणाला सवड असते?

आता ही लाख यायची कुठून? ओढ्याच्या दोन्ही काठांना पळसाचं बन होतं. पळसाच्या कोवळ्या डहाळ्यांवर मोहरीहून बारीक लाल किडे बसतात, रस पितात आणि स्वतःभोवती लाखेचं घर बांधतात. ती डहाळी कापायची, लाख खरवडून धुवायची, विस्तवावर वितळवायची, की झाला बांगडीचा गोळा तयार. पण सासऱ्याच्या घराण्यात एक नेम होता. प्रत्येक झाडाची उगवतीकडची एक फांदी तोडायची नाही. तिच्यावरचे किडे आपल्या वेळेला बाहेर पडत, नव्या पालवीवर पसरत आणि पुढच्या हंगामाची लाख धरत.

"ती फांदी आपली नाही," सासरा म्हणे.

"मग कुणाची, मामंजी?" नवी नवी होती तेव्हा तिनं विचारलं होतं.

"पुढच्या वर्षाची. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये."

लाखारणीच्या हाताला गुण होता. तिच्या बांगडीचा लाल रंग पावसात उतरत नसे की उन्हात विटत नसे. बघता बघता बांगड्यांचं नाव झालं आणि एके दिवशी नगरातला एक व्यापारी गाडी जुंपून दारात आला. बोलणं असं गोड, की गुळाच्या ढेपेनं लाजावं.

"बाई, तुम्ही करा तेवढ्या मी घेतो. फक्त करत राहा."

ती करत राहिली. पहिल्या वर्षी एक गाडी भरून गेली, पुढच्या वर्षी दोन. आळीतल्या बायकांच्या अंगावर नवी लुगडी आली, घरांवर नवी कौलं चढली. कुणाला नको असतं हो हे? व्यापाऱ्याला मात्र दोन गाड्यांनी भागेना. तेव्हा त्या हंगामात लाखारणीनं ओढ्याच्या अलीकडच्या काठाच्या उगवतीच्या फांद्या तोडल्या. एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे, असं तिनं मनाला समजावलं. मनाला समजावणं फार सोपं असतं, ते बिचारं कधी उलट बोलत नाही.

पुढच्या हंगामात अलीकडच्या काठाला पळस फुलले, पालवी फुटली, आणि डहाळ्या कोऱ्या राहिल्या. लाखेचा कण नाही. सासऱ्याला आताशा डोळ्यांनी नीट दिसत नसे. तो काठी टेकत बनात गेला आणि एकेका झाडाची फांदी बोटांनी चाचपून आला. घरी येऊन तो जेवायला बसला. ताटातली अर्धी भाकर तेवढी त्यानं परत केली, आणि लाखारणीला ती अर्धी भाकर फार दिवस पुरली.

आता राहिलं फक्त पलीकडच्या काठाचं बन. त्यातून जेमतेम आळीपुरती लाख निघे.

नेमका तेव्हाच व्यापारी पुन्हा आला, आणि या वेळी गाडीतून नाही, घोड्यावरून.

"बाई, नशीब उघडलं तुमचं! राजकन्येचं लग्न ठरलंय, पुढच्या वर्षीचा मुहूर्त आहे. लग्नाला येईल त्या प्रत्येक बाईला राणीसाहेब लाल चुडा भरणार. एवढं काम तडीला नेलंत, तर राजवाड्याच्या बांगड्या कायमच्या तुमच्याकडे."

"आणि नाही जमलं तर?"

व्यापाऱ्याचा गोडवा जरा उतरला. "तर मी परमुलखातून काचेच्या आणीन. एकदा लोकांना काचेची चटक लागली की तुमच्या भट्टीकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. विचार करा."

ती विचार काय करणार? हिशेब सरळ होता. पलीकडच्या काठाच्या सगळ्या फांद्या उतरवल्या, उगवतीच्यासुद्धा, तर चुडे होत होते. नाही उतरवल्या तर आळी उपाशी राहत होती. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोयता घेतला आणि ओढा ओलांडला. मागून काठीचा आवाज आला. सासरा होता.

"मामंजी, तुम्ही कशाला आलात?"

"सोबतीला. कोयता तुझ्या हातात आहे, मी काही बोलणार नाही."

ती पहिल्या झाडाशी गेली, उगवतीची फांदी खाली वाकवली आणि कोयता उचलला. फांदीवर काहीतरी हलत होतं. तिनं डोळे जवळ नेले. लाखेच्या जुन्या घरांतून किडे बाहेर पडत होते. कुंकवाची चिमूट सांडावी आणि ती चिमूट आपण होऊन चालू लागावी, तसे ते सालीवरून वरच्या कोवळ्या पालवीकडे निघाले होते. घाई नाही, गडबड नाही, आपली वाट ठाऊक असल्यासारखे.

"बाहेर पडलेत का गं?" सासऱ्यानं हळूच विचारलं.

"हो मामंजी."

"तुझा नवरा लहान होता ना, तेव्हा इथंच बसून बघायचा. एखादा वाट चुकला की गवताच्या काडीवर घेऊन पुन्हा फांदीवर सोडायचा. मी म्हणायचो, अरे एवढ्याशा किड्यासाठी कशाला खोळंबतोस? तर म्हणायचा, बाबा, याच्या घरावरच तर आपलं घर आहे." म्हातारा थांबला. "बोलणार नव्हतो. बोललो. कर तुला काय करायचं ते."

लाखारणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गेल्या वर्षीच्या फांद्यांचं दुःख तिच्या पोटात साचून राहिलं होतं, ते सगळं त्या झाडाखाली बाहेर पडलं. तिनं फांदी अलगद वर सोडली.

"अलीकडच्या काठाच्या मीच तोडल्या, मामंजी."

"माहीत आहे, पोरी. बोटांना कळलं होतं." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चल, ऊन चढतंय."

कोयता न वापरताच दोघं परत निघाली. मन हलकं झालं होतं, पण पोट काही मनावर चालत नाही. आळीतल्या बायकांना जाऊन काय सांगायचं, याच विचारात ती वेशीपाशी आली.

वेशीवर देवीचा कडुनिंब होता. त्या गावात बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणत नसत, 'वाढली' म्हणत, आणि तिचे तुकडे केरात न टाकता या कडुनिंबाच्या बुंध्याशी आणून ठेवत. आज्या-पणज्यांच्या काळापासून ते तिथं साठत आले होते. वरचे लाल, खालचे मातीनं मळलेले, असा गुडघाभर ढीग झाला होता. लाखारीण नवरी होऊन या वेशीतून आली, तेव्हापासून या ढिगाला तिनं फक्त नमस्कारच केला होता. आज ती तिथं उभी राहिली आणि हलेना.

"काय झालं गं?" सासऱ्यानं विचारलं.

"मामंजी, ही सगळी लाखच आहे की!"

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण हिला हातची कांकणं दिसायला एवढी वर्षं लागली. तिनं देवीला हात जोडले, ओंजळभर तुकडे पदरात घेतले आणि थेट भट्टी गाठली.

धुतले, कुटले, विस्तवावर धरले. लाख मऊ झाली, लाल रंग जशाच्या तसा वर आला. आळीतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या. लाखारणीनं त्या लाखेची बांगडी वळली, थंड केली आणि दगडावर हलकेच टेकवली. टक्! दोन तुकडे. दुसरी वळली, तिचेही तेच. वर्षानुवर्षं पडून लाख म्हातारी झाली होती, तिच्यात लवचीकपणा उरला नव्हता. बायका एकेक करून आपल्या कामाला लागल्या.

लाखारणीनं नाद सोडला नाही. राळ घालून बघितली, मेण घालून बघितलं. संध्याकाळी ती सासऱ्यासाठी दुधाला विरजण लावत होती. बोटभर जुनं दही आणि भांडंभर नवं दूध. तिचा हात तसाच थांबला. इथं जुनं थोडं नि नवं पुष्कळ, आपल्याला याच्या उलट करून बघायला काय हरकत आहे? सकाळी तिनं जुन्या लाखेच्या गोळ्यात मूठभर ताजी लाख मिसळली. बांगडी वळली आणि दगडावर टेकवली. मग जरा जोरात आपटली. बांगडी उडी मारून बाजूला गेली आणि घरंगळत सासऱ्याच्या पायाशी जाऊन थांबली.

म्हाताऱ्यानं ती उचलून कानाशी नेली, नखानं वाजवली आणि हसला.

मूठभर ताजी लाख, बाकी सगळी जुनी! एवढी ताजी लाख पलीकडचं बन उगवतीच्या फांदीला धक्का न लावता सहज देत होतं. लाखारणीला वाटलं, सुटलो. पण थांबा, माणसं इतक्या सहज कुणाला सुटू देत नाहीत.

"शिव शिव!" आळीतली सर्वांत थोरली बाई म्हणाली. "त्या ढिगात कुणाकुणाच्या बांगड्या आहेत. कुणाच्या सुखाच्या, कुणाच्या दुःखाच्या. त्या नवरीच्या हातात घालायच्या?"

व्यापारी जबाब घ्यायला परत आला, त्याला हे कळलं तेव्हा तो मात्र खूश झाला. "वा बाई, डोकं चालवलंत! करा झटपट. फक्त राजवाड्यात यातलं अवाक्षर काढायचं नाही. नवी बांगडी म्हणून द्यायची. रंगात कुणाला कळतंय?"

"नवरीच्या हातात खोटं नाही भरायचं मला," लाखारीण म्हणाली. "सांगून घेतील त्यांना देईन."

"सांगून कोण घेणार?" व्यापारी तडकला. "बसा मग तुकडे कुरवाळत!" घोड्यावर टाच मारून तो परमुलखाच्या वाटेला लागला.

थोरल्या बाईनं कपाळाला हात लावला. लाखारणीनं जुन्या लाखेच्या बांगड्यांची एक दोरी ओवली आणि दाराशी टांगून ठेवली. येणारे जाणारे बघत, आणि बघून पुढे जात.

असे बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी गवळवाड्यातली एक गवळीण दारात येऊन उभी राहिली. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि सासर थेट राजधानीत, डोंगरापलीकडे मिळालं होतं. एकुलती एक लेक. गवळणीनं डोक्यावरची चरवी उतरवली, हातातल्या जुन्या, दूध काढून काढून झिजलेल्या बांगड्या काढल्या आणि लाखारणीपुढे ठेवल्या.

"वहिनी, जुन्याची नवी होते म्हणं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग ह्या घ्या. ह्याच हातानी तिला न्हाऊमाखू घातलं, ह्याच बांगड्यांचा आवाज ऐकत ती झोपायची. चुड्यात एक तरी बांगडी ह्याची करा. तिकडं परक्या घरात रडू आलं तर मनगटाला हात लावंल. म्हणंल, आई हाय."

थोरली बाई पदरानं डोळे पुसत होती, आणि धुराचं निमित्त पुढे करत होती. लाखारणीनं त्या बांगड्या आपल्या हातानं कुटल्या, आपल्या हातानं वळल्या. बाकीचा चुडा एका रंगाचा झाला. ही एक बांगडी मात्र किंचित गडद आली, दुरूनही ओळखू यावी अशी. त्या बांगडीला आळीनं नाव दिलं, मायबांगडी.

मग काय विचारता! गावातल्या आयांना वाटू लागलं, माझ्या लेकीला का नको? फडताळं उघडली, डबे उघडले, जुन्या बांगड्या भट्टीवर येऊ लागल्या. लाखारणीनं नवा नेम घातला. नवा चुडा हवा असेल तर जुना घेऊन यायचा, आणि जुना आणणाऱ्याला नवा स्वस्तात मिळायचा. थोड्याच महिन्यांत बनावरचा भार उतरला आणि भट्टीवर मात्र बसायला जागा पुरेना.

तिकडे राजधानीत गवळणीची लेक राजवाड्यात दूध घालायला जाऊ लागली. एकदा राणीनं पाहिलं, पोरगी चरवी खाली ठेवते, मनगटावरची एकच बांगडी गालाशी लावते आणि मग कामाला लागते.

"एवढं काय आहे गं त्या बांगडीत?" राणीनं विचारलं.

पोरीनं सांगितलं. राणी ऐकत राहिली. तिची स्वतःची आई तिच्या लहानपणीच गेली होती. आईच्या बांगड्या एका चंदनाच्या पेटीत होत्या. त्या घालाव्यात तर जीर्ण, टाकाव्यात तर जीव होत नव्हता.

चार दिवसांनी लाखारणीच्या दारात पालखी थांबली. राणी भट्टीसमोर सरळ जमिनीवर बसली आणि तिनं पेटी पुढे केली. "माझ्या मुलीच्या चुड्यात ही आजी हवी," म्हणाली. "आणि लग्नाला येणाऱ्या बायकांना निरोप धाडते, ज्यांना चुडा हवा त्यांनी घरातली जुनी बांगडी घेऊन यावी. काचेचा व्यापारी येऊन बसलाय दारात, त्याला सांगते, पेट्या उचल आता."

आळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. थोरली बाई सर्वांना सांगत सुटली, की ही कल्पना तिला पहिल्यापासूनच पसंत होती.

पुढच्या हंगामात लाखारणीनं पलीकडच्या काठाच्या काही डहाळ्या किड्यांसकट अलगद कापल्या आणि अलीकडच्या कोऱ्या पळसांना गवताच्या दोरीनं बांधल्या. सासरा गाठी मारत होता, ती फांद्या वाकवत होती. थोड्याच दिवसांत त्याही काठाला लाल रांगा चढताना दिसल्या. तिथून पुढे एका वर्षी एक काठ आणि दुसऱ्या वर्षी दुसरा, अशी पाळी लागली. उगवतीची फांदी दोन्हीकडे अबाधित.

गोष्ट इथं संपली असती. पण एके सकाळी सासऱ्यानं सुनेला हाक मारली.

"पोरी, फडताळातलं ते फडकं आण."

ती जागीच थिजली. "कुठलं, मामंजी?"

"तुला माहीत आहे कुठलं. साऱ्या मुलखाच्या वाढलेल्या बांगड्या तू पुन्हा घडवल्यास. तेवढ्या तुझ्याच बांधून ठेवल्यास. हे काही बरोबर नाही."

"मामंजी, माझे हात... लोक काय म्हणतील?"

"लोक थोरल्या बाईसारखे असतात. आधी शिव शिव म्हणतात, मग टाळ्या वाजवतात. आण तू."

तिनं फडकं आणलं. किती वर्षांनी म्हातारा भट्टीसमोर बसला. डोळे साथ देत नव्हते. त्यानं मुलाच्या संसारातले ते तुकडे कुटले, मूठभर ताजी लाख मिसळली आणि बांगडी वळली. आळी काम सोडून उभी होती.

बांगडी तयार झाली. जरा वेडीवाकडी.

"वाकडी झाली का गं?" त्यानं ती चाचपत विचारलं.

"नाही मामंजी," ती म्हणाली. "अगदी माझ्या मापाची झाली."

त्यानं तिचा हात हातात घेतला, बाप लेकीचा घेतो तसा, आणि बांगडी भरली. लाखारीण मनगट छातीशी धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. ती रडत होती आणि हसतही होती.

गावात कुजबुज झाली, नाही असं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं, तर पायरीवर गावातली एक म्हातारी बसली होती. पांढरं कपाळ, मोकळे हात. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पदराखालून हळूच एक लहानसं फडकं बाहेर काढलं.

"माझीबी करशील का, बाई?"

लाखारणीनं तिला हाताला धरून आत नेलं आणि विस्तव फुंकला.

तात्पर्य काय, तर पुढच्या वर्षाची फांदी आज तोडू नये, आणि तुटलं ते संपलं असं कधी धरू नये. वस्तूचं नाही, नि माणसाचंही नाही.